कडेवरचं नाव

जोडव्याचा टाका निखळला म्हणून मंगळवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेले होते. एप्रिलची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानातला पंखा नुसतीच गरम हवा ढवळत होता. माझ्या आधी एक आजी येऊन बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, चपला उंबऱ्याशी नीट जोडीने काढून ठेवलेल्या. मोहोळकडच्या. नातीच्या नर्सिंगच्या फीला पैसे कमी पडत होते, म्हणून घरातली चांदी मोडीला घेऊन आल्या होत्या. फडक्याच्या गाठीतून एकेक वस्तू निघत होती. चेपलेला करंडा, जोडीतला एकच वाळा, साखळीचा तुकडा आणि शेवटी रुपयाहून मोठी, काळी पडलेली एक चकती. सराफाने तिचा कसोटीवर ओरखडा काढला, थेंब टाकला, मान हलवली आणि ती बाकीच्या मोडीत काट्यावर टाकली. पडताना ती उलटली आणि मला घोडा दिसला.

“जरा बघू का?” म्हणून मी हात पुढे केला. सराफांना माझा जुन्या फौजी मेडलांचा नाद माहीत आहे, त्यांनी ती उचलून दिली. वरची मूळची दांडी कुणीतरी कापून तिथे साधं नाकं डागलं होतं, नाक्यात काळा गोफ. “पोरांच्या गळ्यात बांधायचो,” आजी म्हणाल्या, “दिष्ट लागू न्हाई म्हनून.” मी दाराशी गेले, उन्हाच्या तिरिपेत कड तिरकी धरली. अक्षरं झिजली होती, पण होती. आधी नंबर, मग शिपाई हा हुद्दा, मग नाव, आडनाव आणि शेवटी पलटण, ११० मराठा लाइट इन्फंट्री. सवयीने मी मोठ्याने वाचत गेले. नावापाशी आले मात्र, आजींनी झटकन पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. दुकानात आम्ही तिघं आणि चहा आणणारा पोरगा, एवढेच. “मामंजींचं नाव हाय त्ये,” त्या खालमानेनेच म्हणाल्या.

साठ वर्षं त्या घरात नांदलेली बाई. सासरे ‘बसऱ्याच्या लढाईला’ जाऊन आले होते, एवढं त्यांना ठाऊक होतं. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, पहिल्या महायुद्धात हिंदी फौजा तिथे उतरल्या होत्या. चकतीवर त्यांचं नाव आहे, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जे नाव त्यांनी जन्मात तोंडातून काढलं नाही, ते त्यांच्याच हाताने त्या लेकरांच्या गळ्यात बांधत आल्या होत्या. मी म्हटलं, आजी, हे मोडू नका, परत घेऊन जा. त्यांनी चकती हातात घेतली, अंगठ्याने कडेवरून एकदा फिरवली आणि पुन्हा माझ्याकडे दिली. “तुमाला वाचाय येतंय, तुमीच ठिवा. आमच्यात आता कोन वाचनार?” सराफाने सांगितलेल्या भावाहून जास्त पैसे मी त्यांच्या हातावर ठेवले. ते न मोजता त्यांनी कनवटीला लावले, गावाचं नाव सांगितलं, नातवाचा नंबर दिला आणि उन्हात उतरल्या.

तो पदर काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

मेडलच्या कडा वाचणं हे माझं जुनं काम. भिंग, टॉर्च, थोडी टाल्कम पावडर, मऊ कापड, एवढीच अवजारं लागतात. पावडर बोटाने कडेवर फिरवली की ठोकलेल्या अक्षरांच्या खाचेत ती बसते आणि नाव पांढरं होऊन वर येतं. त्या घडीला मला दर वेळी अंगावर काटा येतो, आजही येतो. पण खरं सांगायचं तर नाव म्हणजे मला तोवर शोधाचं टोक होतं. हातात आलं की ओढायचं आणि त्यामागे काय काय निघतं ते बघायचं. शंभर वर्षांनंतरही एखाद्या नावाचा कुणाला मान ठेवावासा वाटतो, ते कानावर पडताच कुणी आवरून सावरून बसतं, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

ते मेडल पहिल्या महायुद्धाचं, ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा आणि भोवती लॅटिनमध्ये त्याच्या पदव्या, त्यांत हिंदुस्थानचा बादशहा हीसुद्धा. दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडाची ढाल आणि कवटी. फीत असती तर मधे रुंद नारिंगी पट्टा आणि दोन्हीकडे पांढरी, काळी, निळी रेघ. साधारण ६५ लाख चांदीची मेडलं त्या युद्धासाठी पाडली गेली, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत हे अगदी ‘कॉमन’. तरीही आपल्याकडच्या शिपायाचं शाबूत मेडल मिळणं दुर्मीळ, कारण ती अस्सल चांदी आहे. पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरते. दुष्काळ पडला, लग्न निघालं, कुणी अंथरुणाला खिळलं, की पहिल्यांदा डब्यातून बाहेर निघते ती चांदी. १९८० च्या सुमाराला जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा इंग्लंडातदेखील ही मेडलं मुशीत गेली, मग आमच्या माढा-मोहोळची काय कथा. याच मेडलची ब्राँझची आवृत्ती होती, मजूर पलटणींतल्या लोकांसाठी. चित्र तेच, राजा तोच, धातू हलका. ती फक्त एक लाख दहा हजारांच्या घरात निघाली. पण ब्राँझ कोण कशाला आटवतो? माझ्या पाहण्यात आलेली खेड्यांतली ब्राँझची मेडलं बहुतेक धडधाकट आहेत, कुठे देव्हाऱ्यात, कुठे फडताळाच्या खणात. ओझी वाहणाऱ्याला कमी प्रतीचं दिलं, म्हणूनच त्याचं नाव टिकलं. हे आठवलं की मला बरंही वाटतं आणि रागही येतो.

हा नाद लागला तो जुन्या गिरणीजवळच्या चाळीत. आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत एक फौजीआबा राहायचे. गिरणीचा भोंगा वाजायच्या आधी उठून अंगण झाडणारे, धोतरावर खाकी स्वेटर घालणारे, कमी बोलणारे. पंधरा ऑगस्टला मात्र ते शाळेच्या झेंडावंदनाला यायचे आणि कोटाच्या डाव्या छातीवर तीन मेडलं सेफ्टी पिनेने लावलेली असायची. दोन पिवळ्या धातूचे सहा टोकांचे तारे आणि एक पांढरट गोल. एका ताऱ्याची फीत गडद निळी, मधे लाल, निळ्याच्या पोटात नारिंगी रेघा. तो बर्मा स्टार, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्यांचा, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आम्हा पोरींना फक्त त्याचा आवाज माहीत होता. आबा झेंड्याला सलाम करायला ताठ झाले की तिन्ही एकमेकांवर आपटायची. मी एकदा विचारलं होतं, आबा, लढाईत काय व्हायचं? त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “तान लागायची.” तहान. डोंगरावर पाणी नव्हतं, आभाळातून विमानं छत्रीने डबे टाकायची आणि ते डबे समोरच्या जपान्यांत जाऊन पडायचे. याउपर ते काही बोलले नाहीत.

कॉलेजात गेल्यावर लायब्ररीत मणिपूरच्या लढायांविषयी वाचताना सांगशाकचं नाव भेटलं. मार्च १९४४, २२ ते २६ तारीख. पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन त्या टेकडीवरच्या गावात अडकली होती. पाणी नाही, विमानातून टाकलेली रसद निम्मीअधिक शत्रूच्या हाती, मेलेली खेचरं तशीच पडलेली. शेवटच्या रात्री मिळेल त्या वाटेने डोंगर उतरून निघून जायचा हुकूम झाला. त्या चार-पाच दिवसांत कोहिमाकडे निघालेले जपानी तिथे खोळंबून राहिले. वाचता वाचता मी थांबले. आबांचं ते एका शब्दाचं उत्तर मला ऐकू आलं. धावत चाळीत जावं आणि आबांना सांगावं असं वाटलं, पण ते तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या मुलांनी खोली रिकामी केली तेव्हा तारे पितळी भांड्यांबरोबर भंगारात गेले होते.

तेव्हापासून भंगारवाले, सराफ, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, जिथे जाईन तिथे माझे डोळे तीच चमक शोधतात. बायकांना हा नाद कसा, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी सावित्रीबाई खानोलकरांचं नाव सांगते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई एका मराठी फौजी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली, संस्कृत आणि पुराणं वाचली आणि परमवीरचक्राचं चित्र तिच्या हातून उतरलं. चार वज्रं, मधे राजमुद्रा, जांभळी फीत. पहिलं परमवीरचक्र मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर, आणि त्यांचा सख्खा भाऊ सावित्रीबाईंचा जावई. हे ऐकवल्यावर बहुतेक जण गप्प होतात आणि मग चहा पिता पिता आपल्याच घरातल्या कुण्या फौजी काका-मामाची गोष्ट काढतात. मला तेच हवं असतं.

बाजारात खोटी मेडलंही खूप. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरं मऊ, फुगलेली दिसतात आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात. खऱ्या मेडलावरचं मूळ नाव कानशीने घासून काढायचं आणि एखाद्या गाजलेल्या पलटणीचं नाव त्यावर ठोकायचं, असाही धंदा चालतो, कारण पलटणीवर किंमत ठरते. अशा मेडलाची कड एका जागी किंचित पातळ झालेली असते. डोळ्याला कळत नाही, बोटाला कळते. तिथे बोट थांबलं की मला मळमळतं. एका माणसाचं नाव पुसून त्याच्या चांदीवर दुसऱ्याचं लिहायचं, यापेक्षा ते मेडल आटवलेलं बरं.

दुसऱ्या महायुद्धातली आपल्या शिपायांची मेडलं या बाबतीत विशेष आहेत. इंग्लंडातल्या शिपायांना त्या युद्धाचे तारे आणि मेडलं कोरी मिळाली, नाव न घालता. हिंदी फौजेतल्यांच्या मेडलांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली सापडते. म्हणजे लंडनमधल्या एखाद्याच्या आजोबांचा आफ्रिका स्टार आणि शेजाऱ्याचा आफ्रिका स्टार यांत फरक करता येणार नाही, पण सांगोल्याच्या शिपायाचा ओळखता येईल. ओळखणारं कुणी असलं तर.

आणि ओळखण्याची खरी अडचण पुढेच सुरू होते. कडेवर गाव नसतं. पहिल्या महायुद्धातला नंबर त्या पलटणीपुरताच, त्यामुळे तोच नंबर दहा पलटणींत दहा जणांचा. नावं इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. लढाईत मेलेल्यांचा माग काढणं त्या मानाने सोपं. महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत ‘शोलापूर’ असं जुन्या स्पेलिंगने शोधलं की नावं उलगडत जातात आणि कित्येकांपुढे बापाचं नाव, गाव, तालुकासुद्धा असतो. मेलेल्याचा पत्ता मिळतो. जिवंत परत आला, शेतीला लागला किंवा गिरणीत बदली कामगार झाला आणि म्हातारा होऊन मेला, त्याचा पत्ता कुठल्याच वहीत नाही. तिकडे इंग्लंडातल्या शिपायांचंही सगळं शाबूत नाही, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचे पहिल्या महायुद्धातले निम्म्याहून जास्त सर्व्हिस रेकॉर्ड जळाले. पंजाबच्या गावोगावच्या शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात शंभर वर्षं पडून होत्या, त्या अलीकडे डिजिटल झाल्या आणि लोक आपले पणजोबा त्यांत शोधू लागले. आमच्या भागातल्या परतलेल्या शिपायाचा पुरावा म्हणजे ती दोन बोटांत मावणारी कड. म्हणून ती आटली की माझ्या पोटात कालवतं.

जे बसऱ्याला मेले, त्यांच्या वाट्याला तरी काय आलं? बसऱ्याच्या स्मारकावर, जे पुढे १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं, ४० हजारांहून अधिक मृतांची दखल घेतली आहे. तिथे गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. अमुक पलटण, इतके. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच चौकशी करून मान्य केलं की हिंदी आणि आफ्रिकी अशा ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही. शंभर वर्षांनी का होईना, ते लिहून आलं. मी तो अहवाल रात्री जागून वाचला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कशातच लक्ष लागलं नाही.

मोहोळच्या त्या आजींकडे जूनमध्ये गेले. पहिला पाऊस होऊन गेला होता, वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिकट काळी माती, चपला हातात घेऊन चालावं लागलं. नातू चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, सुट्टी काढून थांबला होता. त्याने एक विनंती केली, पणजोबांचं नाव इंटरनेटवर टाकू नका, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. मी ११० मराठ्यांविषयी चार पानं मराठीत टाइप करून नेली होती. ती पलटण ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सैन्याबरोबर आजच्या इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. धर्म बुडेल म्हणून हिंदी शिपाई ते मांस खाईनात, नदीकाठचं गवत-पाला उकडून खाऊ लागले, दात हलायला लागले, उभं राहता येईना. शेवटी शेवटी अनेकांनी ते खाल्लं. मग शरणागती, मग वाळवंटातून पायपीट, आणि कैदेत रेल्वेची कामं. या घरचे मामंजी त्या वेढ्यात होते की आधीच जखमी होऊन परत आले होते, हे कड सांगत नाही. मी तसं स्पष्ट म्हटलं.

आजी चुलीपुढे बसून ऐकत होत्या. भाकरी थापता थापता हात थांबला. “टांग्यात बसायचे न्हाईत ते,” त्या म्हणाल्या. “ठेसनावरनं घरी चालत यायचे. म्हातारपणी बी. आमी म्हनायचो, इक्षिप्तच हायती. घोड्याकडं बगायचे बी न्हाईत.” सगळे गप्प झाले. मीही पुढे काही जोडलं नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं. पण त्या घरात मामंजींचा तऱ्हेवाईकपणा म्हणून साठ वर्षं सांगितली गेलेली गोष्ट त्या संध्याकाळी पुन्हा कुणाला तशी सांगता येईना.

निघताना पाणी प्यायला दिलं ते पितळी तांब्यातून. जड, बुडाशी रुंद, रोजच्या घासण्याने पिवळाधमक. पाणी पिऊन मी सवयीने तो उलटा केला. बुडाला खिळ्याने ठिपके ठोकून काढलेले आकडे होते, वेडेवाकडे, एक आकडा दुसऱ्याच्या अंगावर चढलेला. मेडलवरचाच नंबर. सरकारी मशीनने नव्हे, हाताने ठोकलेला. बराकीत शंभर तांबे एका रांगेत असतील, आपला ओळखू यावा म्हणून ठोकला असेल. नातवाने तो तांब्या माझ्याकडून घेतला आणि कितीतरी वेळ बुडावरून बोट फिरवत राहिला. आजी म्हणाल्या, “आन् म्या ह्यो रोज राखंनं घासते की रं.” मग मी मेडल पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवलं. ते त्याच घरी आहे आता. नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि कड वाचायची कशी ते मी तिला शिकवलं.

माझ्या संग्रहातल्या बाकीच्या मेडलांचं असं होईल असं नाही. घरं सापडत नाहीत, सापडली तर काहींना ते नको असतं. इंग्रजाची चाकरी, कशाला तो विषय, असं एका सुशिक्षित गृहस्थांनी मला दारातूनच सांगितलं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही, कारण मी सोलापूरची आहे. मे १९३० मध्ये या गावाने इंग्रजी अंमल झुगारला होता, त्यावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फासावर चढवलं. चार पुतळ्यांपुढून मी रोज ऑफिसला जाते. पर्समध्ये पंचम जॉर्जचा मुखवटा असतो तेव्हा तिथून जाताना मला अवघड वाटतं. ज्या राजाच्या नावाने या चौघांना फाशी झाली, त्याच राजाचं हे तोंड. पण ज्या शिपायाच्या छातीवर ते लावलं, तो विशीतला कोरडवाहू पोरगा होता. कर्ज, दुष्काळ, भाऊबंदकी, किंवा नुसतं चार वेळच्या भाकरीचं आश्वासन त्याला बसऱ्याला घेऊन गेलं. १९३० मध्ये तो पस्तिशीचा असेल. कदाचित याच गावातल्या गिरणीत असेल, गोळीबाराचा आवाज इतरांच्या आधी त्याने ओळखला असेल. चार पुतळ्यांचा अभिमान आणि त्या पोराची कणव, दोन्ही माझ्याच आहेत. एकासाठी दुसऱ्याला घराबाहेर काढणं मला जमलेलं नाही, आणि जमवायचंही नाही.

विजापूर रोडला राहणारे एक निवृत्त सुभेदार माझे या कामातले गुरू. १९७१ च्या लढाईतले. त्यांची स्वतःची मेडलं ते कधी कपाटातून काढत नाहीत, पण माझी एकदा मांडून बघितली तेव्हा क्रम चुकला म्हणून लगेच हलवली. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, हे सगळं ‘सगळ्यांना मिळतं’ म्हणून ते बाजूला सारतात. एकाच मेडलाविषयी ते मऊ होतात, सैन्य सेवा मेडल, फितीवर ‘हिमालय’ अशी पट्टी असलेलं. त्या पट्टीसाठी गोळी झाडावी लागत नाही. नुसतं तिथे उंचावर राहावं लागतं. “ताई, लढाई दोन आठवड्यांची असते,” ते म्हणतात, “थंडी दोन वर्षांची.”

सध्या आम्ही दोघं मिळून करमाळ्याकडच्या एका गावात जातोय. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, आपल्या जिल्ह्यात आणि साताऱ्याकडे अशा पाट्या अधूनमधून दिसतात. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, आकडे. दर दिवाळीला ऑइलपेंट मारून मारून अक्षरं बुजली होती. ती आम्ही बांबूच्या कामटीने, चरा न पडू देता मोकळी केली. गेलेले चौदा, मेलेले तीन. सरपंचबाईंनी पारावर बैठक बोलावली, मी कोरी वही नेली आणि ज्यांच्या घरात कुणी जर्मनच्या लढाईला गेलं होतं त्यांनी सांगायचं असं ठरलं. पहिले दोन तास कुणी तोंड उघडेना. मग एका म्हाताऱ्याने एक नाव घेतलं, त्यावर दुसऱ्याने म्हटलं की त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा पण होता. मराठ्यांची घरं, महारवाड्यातली घरं, एक न्हाव्याचं घर. अंधार पडेपर्यंत वहीत अकरा नावं झाली, मेलेल्यांपैकी दोघांची गावं-तालुक्यांसकट कमिशनच्या नोंदींशी जुळली. तीन अजून राहिलीत. त्यातल्या एकाचं कुटुंब १९७५ च्या आसपास मुंबईला गेलं, त्याची पणती डोंबिवलीत शिक्षिका आहे आणि तिच्या आईच्या ट्रंकेत ‘काहीतरी गोल’ आहे असं कळलंय. घासू नका, चिंच लावू नका, फक्त कडेचा फोटो पाठवा, असा निरोप तिला दिला आहे. रविवारी फोन करायचा आहे.